खुंटीवरची रेघ

अनिरुद्ध, तुमच्या घरात तंबोरा कधी नव्हताच.

नलूताईंनी सांगितलं. तुझं तेरावं झालं, माणसं पांगली, आणि आम्ही दोघी भांडी आवरत होतो. मीच विषय काढला. म्हटलं, रविवारच्या तुझ्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात आजोबांचा तो तंबोरा स्टेजवर ठेवायचा का? त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"कुठला तंबोरा गं? आमच्याकडे पेटी होती एक. ती आत्याच्या लग्नात तिच्याबरोबर गेली. आजोबांना तर गाणं लागलं की झोप यायची."

त्या तुझी सख्खी थोरली बहीण. सात वर्षांनी मोठी, गिरगावातल्या त्याच जागेत जन्मलेली, जन्मभर तिथेच राहिलेली. तंबोरा असता तर त्याच्यावरची धूळ त्यांनीच पुसली असती.

आणि तू वीस वर्षं प्रत्येक मुलाखतीत तो तंबोरा काढायचास. आजोबांचा, काळपट, एक तार कायम जराशी उतरलेली. लहानपणी तू म्हणे दुपारभर भोपळ्याला कान लावून पडून राहायचास, आणि तिथेच तुला 'तिसरा आवाज' पहिल्यांदा ऐकू आला. लोक माना डोलवायचे. मी मागे बसून दात आवळायचे. तू ती गोष्ट फुगवतोस एवढंच तेव्हा वाटायचं. ती मुळातच बनवलेली असेल हे डोक्यात आलं नाही. माणूस निदान तंबोऱ्याबद्दल खोटं बोलणार नाही, असं मला उगाच वाटत होतं.

नलूताईंनी या स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. म्हणाल्या, त्याच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिही. आणखी एक काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. शेवटच्या पानावर 'तिसरा आवाज' या आपल्या रचनेच्या नावाखाली कुणाचं काय, ते कसं छापायचं हे मी सांगायचं. आजवर ते एकाच पद्धतीने छापलं गेलं. 'संगीतरचना : अनिरुद्ध', मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात 'व्हायोलिन : शैला, रिटा'. त्या दोन ओळींवरून तू आणि मी किती भांडलो, ते आपल्या दोघांना आणि बहुधा तुमच्या खालच्या दोन मजल्यांना माहीत आहे. आता तू नाहीस आणि पेन माझ्या हातात आहे. ही वेळ अशी येईल असं मला वाटलं नव्हतं.

आपली गाठ पडली तेव्हा मी तिशीची होते. दिवसा विमा कंपनीत नोकरी, आणि शनिवार-रविवार लग्नाच्या रिसेप्शनमध्ये गाणाऱ्यांच्या मागे व्हायोलिन. लालबागला आमच्या मजल्यावर राहणाऱ्या सावंतमामांनी मला वाजवायला शिकवलं होतं. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवायचं, आपल्या पद्धतीने. तू एका रिसेप्शनला जेवायला आला होतास. मी हात पुसत बाहेर पडत होते, तेव्हा जिन्यात मला थांबवून म्हणालास की तिसऱ्या गाण्यात मधल्या जागेत मी जे वाजवलं ते गाण्यात नव्हतं, ते कुठून आणलं? बारा वर्षं मी वाजवत होते. ऐकलं कुणी, असं पहिल्यांदाच झालं. ही गोष्ट मी कधी नाकारली नाही, आजही नाकारणार नाही.

गिरगावच्या तुझ्या खोलीत आले, तर तिथे रिटा आधीच होती. रिटा दादरची. तिचे वडील चर्चमध्ये वाजवायचे, ती मुलांच्या शिकवण्या घ्यायची. तिचं व्हायोलिन हनुवटीखाली, समोर कागद. माझ्याकडे ना कागद ना हनुवटी. पहिल्याच दिवशी मी तुला सर म्हटलं, तर तू हात वर केलास. इथे कुणी सर नाही, मला तू म्हणायचं. मला फार भारी वाटलं तेव्हा. घरी जाऊन बाबांना सांगितलंसुद्धा. ज्याचं नाव मोठ्या अक्षरात छापून येणारच असतं त्याला तू म्हणवून घेणं परवडतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तुझी काम करायची तऱ्हा वाचणाऱ्यांना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. तू आम्हाला तालमीत आणि स्टेजवरही पाठीला पाठ लावून बसवायचास. मी सतरंजीवर, माझ्यामागे रिटा बुटक्या स्टुलावर, तिची पाठ माझ्या खांद्यांना लागेल अशी. एकमेकींचा गज दिसता कामा नये. दिसला की तुम्ही डोळ्यांनी वाजवता, म्हणायचास. रिटाचा श्वास मला पाठीतून कळायचा, पण तिचे हात मला वीस वर्षांत कधी वाजवताना दिसले नाहीत. तू खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायचास, एका बाजूला. शेजारी टेपरेकॉर्डर. प्रत्येक तालीम रेकॉर्ड व्हायची आणि कॅसेटवर तुझ्या तिरक्या अक्षरात तारीख पडायची. परत कधी ऐकतोस का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणालास, सगळ्या ऐकतो.

हे वाक्य मी विसरायला नको होतं.

तर ती जानेवारीतली दुपार. मुंबईत आठ-दहा दिवस कोरडी हवा येते ना, त्यातली. लाकूड आक्रसतं, खुंट्या सैल होतात. आम्ही दोघी एकच सूर लांबवत होतो, मी मोकळ्या तारेवर, ती बोट ठेवून. माझी 'सा'ची तार वाजता वाजता जराशी उतरली. अगदी केसभर. आणि दोन आवाजांच्या मधे काहीतरी सुरू झालं. ते मीही वाजवत नव्हते, रिटाही नाही. एक ठोका. सेकंदाला तीन, एका मापाचे, छातीत लागणारे. दोन सूर जवळ आले पण मिळाले नाहीत की हे होतं. भौतिकशास्त्रात त्याला नाव आहे आणि जगात ते आधी अनेकांनी ऐकलं असणार. आम्ही त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं. आणि मला तो ठोका ओळखीचा वाटला. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. लहानपणी डबा घेऊन गेले की गेटवर उभी राहूनसुद्धा पायाखाली तो कळायचा.

तू उड्या मारायचाच बाकी होतास. दुसऱ्या दिवशी तू पेन्सिल घेऊन माझ्या खुंटीवर एक रेघ ओढलीस आणि शेजारच्या लाकडावर दुसरी. दोन्ही जुळल्या की तार पाहिजे तेवढी उतरलेली. त्या रेघेवर 'तिसरा आवाज' उभा राहिला. बारा मिनिटं, दोन व्हायोलिनं, आणि त्यांच्या मधे चालणारा तो ठोका, कधी संथ, कधी घाईचा. माझी छाती फुगायची. तार माझी, ठोका माझ्या बापाच्या गिरणीचा. बारा मिनिटं एवढी उतरलेली तार हलू न देता धरून ठेवणं सोपं नाही, हे मी ऑफिसात चहा पिताना सांगत सुटायचे.

दादरला पहिला प्रयोग झाला तेव्हा बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. संपल्यावर तू त्यांना विचारलंस, काका, साचा ऐकू आला का? ते जरा विचारात पडले आणि मालवणीतच म्हणाले, "आमच्या खात्यात असो आवाज इलो असतो, तर जॉबर पानो घेवन धावत इलो असतो."

जॉबर म्हणजे साचे नीट चालते ठेवणारा मुकादम. केवढा हसला होतास तू. बाबाही हसले. पुढे ते आजारी पडले आणि परळच्या हॉस्पिटलात सतरा दिवस होते, तेव्हा तू रोज दुपारी यायचास. पेपर आणायचास आणि शेवटचं पान आधी, क्रिकेटचं, मोठ्याने वाचून दाखवायचास. माझा भाऊ दोनदा आला, तू सतरा वेळा. बाबा तुला 'पानोवालो' म्हणायचे. मला म्हणाले, माणूस चांगलो आसा, पण बोलता जास्ती. हे मी इथे लिहितेय, कारण नाही लिहिलं तर मीही तुझ्यासारखीच निवडून निवडून सांगणारी ठरेन.

ते गेल्यावर दोन वर्षांनी एका मुलाखतीत तो पान्याचा विनोद तू सांगितलास. माझ्या वडिलांचं नाव न घेता. 'एक कामगार मला म्हणाला', असं.

तिथून माझं बिनसलं. खरं म्हणजे आधीपासूनच बिनसत होतं. स्टेजवर तू माझी ओळख करून द्यायचास, ही शैला, लालबागच्या गिरणीकामगाराची मुलगी. मी एकदा म्हटलं, मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले आहे, आमच्या घरातली पहिली, आमच्या अख्ख्या मजल्यावरची पहिली. आता असिस्टंट मॅनेजर आहे. ते सांग की. तू म्हणालास, ते ऐकायला कोण येतं? तुला वाटलं तू माझा मान वाढवतोयस. गिरणी तुझ्या कार्यक्रमाला शोभायची. माझी डिग्री शोभायची नाही. एकदा पत्रकासाठी मी दोन परिच्छेद लिहून दिले, बाबांबद्दल आणि त्या जानेवारीबद्दल. तू म्हणालास फार छान लिहिलंयस, आणि छापून आलं तेव्हा त्यात तंबोरा होता. माझे परिच्छेद जागेअभावी गेले होते. तंबोऱ्याला जागा मिळाली.

मी भांडायचे. तू ऐकून घ्यायचास. तुझं ते ऐकून घेणं फार वाईट होतं. मान तिरकी करून, जणू मी काही वाजवतेय आणि तू टिपून घेतोयस. मग म्हणायचास, शैला, संगीत कुणाच्या मालकीचं असतं का? आणि मी म्हणायचे, नसतं ना, मग तुझं नाव काढ. तिथे तू नेहमी चहा मागवायचास. रिटा या सगळ्यात काही बोलायची नाही. ती गजाला राळ लावत बसायची. मला तिचा राग यायचा. वाटायचं, ही माझ्या बाजूने एक शब्द बोलत नाही. चर्चमधली सवय, गप्प राहून पुढचं पान उलटायची.

शेवटचं भांडण यंदाचं, नव्या रेकॉर्डिंगचं. कव्हरचा मजकूर तू मला वाचून दाखवलास. पुन्हा तेच, मोठं आणि बारीक. मी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि उभी राहिले.

"माझं नाव बरोबरीने घाल. नाहीतर मी वाजवणार नाही."

"तुझं नाव आहेच की."

"वाजवणारी म्हणून आहे. सापडलं कुणाला, ते लिही."

तू खिडकीबाहेर बघत राहिलास. मला वाटलं आता चहा मागवशील. तू मागवला नाहीस. म्हणालास, "ते मला लिहिता येणार नाही, शैला." एवढंच. आवाज चढवला नाहीस. मी जिना उतरले तेव्हा पायऱ्यांवर माझे पाय आपटत होते आणि मला ते तुला ऐकू जायला हवे होते.

त्यानंतर तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. मग मेसेज आला, दोन शब्दांचा. 'रिटाला विचार.'

मी तो वाचला आणि मोबाइल पालथा टाकला. मला वाटलं, तू तिला फितवलंस. ती तुझ्या बाजूने साक्ष देईल म्हणून माझ्यावर सोडतोयस. मी रिटाला विचारलं नाही. तुला उत्तरही दिलं नाही. चार महिन्यांनी नलूताईंचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात होते. समोर लोकांची रांग होती, मी सगळ्यांची कामं उरकली आणि मग उठले.

स्मशानात मी रडले नाही. माझ्या डोक्यात तेव्हाही भांडणच चालू होतं, आणि समोरून उत्तर येत नव्हतं, त्यामुळे मी जिंकत होते. असं जिंकणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

तंबोरा खोटा निघाला, त्या दिवशी मात्र मी पेटले. म्हटलं आता पुरावाच काढते. नलूताईंना सांगितलं की त्या जानेवारीतली कॅसेट शोधून द्या, मी रिटालाही बोलावते. तिघींच्या समोर वाजवू. माझी तार उतरली हे त्याच्याच टेपवर त्याच्याच मशीनमधून ऐकू येऊ दे, आणि मग ते शेवटचं पान मी सांगते तसं छापा. नलूताईंनी कपाट उघडलं. कॅसेट शोधावी लागली नाही. बाकीच्या सगळ्या रांगेने लावलेल्या होत्या. ही एकटी वर, वेगळी, तुझ्या चष्म्याच्या घरापाशी.

मागच्या बुधवारी दुपारी आम्ही तिघी तुझ्या खोलीत बसलो. वेताच्या खुर्चीत कुणी बसलं नाही. रिटा तिच्या जुन्या स्टुलावर. मी बटण दाबलं.

आधी लांबलचक सूर. मग मला आठवत होतं तसंच त्यात काहीतरी ढिलं पडलं. आणि माझा आवाज, वीस वर्षांपूर्वीचा, चिरका. "थांब गं. माझी तार उतरली. लावून घेते." खुंटी पिळल्याचा करकर आवाज.

मग रिटाचा आवाज. "नको, नको लावू. शैला, सोड ती. तशीच राहू दे. परत वाजव."

"अगं बेसूर झालीय."

"होऊ दे ना. मधे काहीतरी चालतंय. तू वाजव खाली, मी बोट सरकवते. ऐक हां. आता स्लो. आता बघ, फास्ट. ऐकलंस?"

आणि तो ठोका. आधी संथ, मग घाईचा, मग परत संथ. ती तो चालवत होती. तिला पहिल्या मिनिटात कळलं होतं की तो कसा चालवायचा. टेपवर मी काय म्हणते, तर "अय्या." एवढंच.

मग दार वाजलं. तू आत आलास, कपबशा हातात असाव्यात, काचेचा आवाज आहे. तू त्या वेळी खोलीत नव्हतासच, अनिरुद्ध. चहा आणायला गेला होतास. तू विचारलंस, काय वाजवताय हे? आणि रिटा तोंड उघडायच्या आत मी बोलले. टेपवर आहे, स्वच्छ आहे. "अरे, माझी तार उतरली आणि बघ ना मला काय सापडलं."

मला. माझी. सापडलं.

मी बटण बंद केलं. नलूताई खाली बघत होत्या. मला बाबांचा पाना आठवला, का कोण जाणे. मला रिटाकडे बघवेना, पण बघावं लागलं. ती हसत होती, थोडीशी, लहान मुलाने चुकीचा सूर लावल्यावर ती हसते तशी. मी विचारलं, तू बोलली का नाहीस? एवढी वर्षं?

ती म्हणाली, "मला वाटायचं तुला आठवतंय. आठवत असून तू बोलत नाहीस, असं मला वाटायचं, शैला."

मग म्हणाली, "आणि तुम्ही दोघं इतकं मोठ्याने बोलायचात."

वीस वर्षं ही बाई माझ्या पाठीला पाठ लावून बसली आणि मला चोर समजत राहिली. आणि तरी बसली. माझा डबा विसरला की तिच्यातली अर्धी पोळी द्यायची. बाबा गेले तेव्हा चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली. आणि मी तिच्यावर रागावले होते, की ती माझ्या बाजूने बोलत नाही.

आता तुझ्याकडे येते. तू सगळ्या कॅसेटी ऐकायचास. ही वेगळी काढून ठेवली होतीस. म्हणजे तुला माहीत होतं. मी भांडायचे तेव्हा तुला एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं, 'शैला, ते तुझं नाहीच' म्हणून. पण ते वाक्य बोलला असतास तर पुढचं वाक्य तुझ्याबद्दल आलं असतं. म्हणून तू आजोबांना आणलंस, तंबोरा आणलास आणि मला भांडू दिलंस. मी भांडत होते तोवर तुला धोका नव्हता. ते मला लिहिता येणार नाही, असं म्हणालास ते खरं होतं. आणि शेवटी 'रिटाला विचार' लिहिलंस, तेव्हा तू कबूल करत होतास, का कबूल करायचं कामसुद्धा आमच्यावर टाकत होतास? मी फोन उचलला असता तर कळलं असतं. हा एक हिशेब माझ्याकडे राहिला. तो मी तुझ्यावर ढकलणार नाही.

तुझ्याविषयी चार चांगल्या गोष्टी लिहायच्या होत्या. जिन्यात थांबवून विचारलंस, ही एक. सतरा दुपारी पेपर वाचलास, ही दुसरी. कॅसेट जाळली नाहीस, ही तिसरी. चौथी मी अजून शोधतेय.

शेवटच्या पानाचं मी नलूताईंना सांगितलं. 'तिसरा आवाज', आणि खाली एका मापाच्या अक्षरांत तीन नावं, ज्या क्रमाने तो ऐकला त्या क्रमाने. रिटा, शैला, अनिरुद्ध. दुसरं काही नाही. नलूताईंनी कागदावर लिहून घेतलं आणि तुझं नाव शेवटी लिहिताना त्यांचा हात जरा थांबला. बहीण आहे, थांबणारच. पण लिहिलं.

रिटाला मी म्हटलं, तू सांग, आणखी काय हवं ते सांग, मी स्टेजवर माइकवरून बोलते. तिने मान हलवली. माइक नको म्हणाली. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती मागतानासुद्धा ती गजाला राळ लावत होती.

"आपण समोरासमोर बसू या का?"

काल आम्ही तालीम केली, तुझ्याच खोलीत. सतरंजी फिरवली, स्टूल माझ्यासमोर आलं. मी सवयीने खुंटीवरच्या रेघा जुळवायला लागले, तर रिटा म्हणाली, सोड गं, त्या रेघेवर कधीच बरोबर लागली नाही ती तार. कधी जास्त, कधी कमी. मीच जुळवून घ्यायचे, म्हणाली. मी बोटाला थुंकी लावून रेघ पुसली. वीस वर्षांची पेन्सिल, लगेच गेली नाही.

मग वाजवलं. आणि मी पहिल्यांदा तिचा डावा हात बघितला. माझी तार स्थिर होती असं मी जन्मभर सांगत आले. ती स्थिर नव्हती. दर मिनिटाला थोडी थोडी उतरत होती, मला कळत नव्हतं, आणि रिटाचं दुसरं बोट तिच्या मागोमाग खाली सरकत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं, कधी त्याहून कमी. ठोका मोडू नये म्हणून. बारा मिनिटं ते बोट एकदाही स्वस्थ नव्हतं. तिच्या कपाळावर घाम आला होता.

नलूताई दारात उभ्या होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, रविवारी याची वेताची खुर्ची स्टेजवर नेऊ या का, फोटो ठेवून? मी खुर्चीकडे बघितलं. खिडकीच्या बाजूला, नेहमीच्या जागी. मग मी उठून तिच्यात बसले, पहिल्यांदाच. रिटाला म्हटलं, जरा एकटीच वाजव.

पाठीला पाठ लावून बसलेल्या आम्हाला एकमेकींचे हात दिसायचे नाहीत. पण त्या खुर्चीतून, अनिरुद्ध, ते बोट स्पष्ट दिसतं.